उंचीची दोन घराणी

जयपूर आणि जोधपूर या दोन्ही राजधान्या जुनी राजधानी सोडून वसल्या, पण उलट्या दिशांनी. राव जोधा १४५९ मध्ये मंडोरहून निघाला तो सरळ खडकावर चढला. सवाई जयसिंह १७२७ मध्ये आमेरच्या डोंगरांतून निघाला तो सपाटीवर उतरला. जयपूरच्या कछवाहांचे आणि जोधपूरच्या राठोडांचे वैर, सोयरीक आणि चढाओढ पुढे दोनशे वर्षे चालली, तरी आकाशाच्या बाबतीत दोघांचे मार्ग या पहिल्या पावलालाच वेगळे झाले होते.

जोधपूरचा खडक भोवतालच्या मैदानापासून सुमारे १२२ मीटर उंच आहे. त्यावर मेहरानगडाची तटबंदी, तीही काही ठिकाणी ३६ मीटरपर्यंत चढलेली. खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे खालून पाहणाऱ्याला चटकन सांगता येत नाही, कारण दगड तोच आहे. या टेकडीवर चिडियानाथ नावाचा साधू राहत असे, त्याला उठवल्यामुळे त्याने पाण्याच्या दुर्भिक्षाचा शाप दिला, अशी आख्यायिका आहे; आणि किल्ला टिकावा म्हणून राजाराम मेघवाल याला पायात जिवंत गाडले गेले, अशी परंपरा खुद्द किल्ल्यातच सांगितली जाते. उंचीची किंमत कोणी मोजली, याची अशी नावानिशी नोंद फार थोड्या गडांवर सापडते.

एवढा गड डोक्यावर असताना खालच्या वस्तीने उंच होण्यात अर्थ नव्हता. म्हणून जुने जोधपूर बुटके राहिले. सपाट छपरे, एकमेकांना खेटलेली घरे, आणि ब्रह्मपुरीच्या बाजूला भिंतींना नीळ घातलेला चुना. हा निळा रंग ब्राह्मणांच्या घरांची खूण म्हणून आला, उन्हाच्या तापासाठी आला की वाळवीसाठी, यावर तिथे आजही वाद घालता येतो. ते कसेही असो, हे शहर नीट दिसते ते वरून, तटावरून. गल्लीतून चालणाऱ्याला निळाई तुकड्यातुकड्याने भेटते आणि प्रत्येक वळणाला गड दिसतो.

जयपूरचे उलट आहे. हे शहर रस्त्यावर उभे राहून पाहण्यासाठी आखलेले आहे. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी पायाभरणी झाली. आखणीत विद्याधर भट्टाचार्य हा बंगाली अधिकारी जयसिंहाचा उजवा हात होता. नऊ चौकड्यांची ही मांडणी सूरजपोल ते चांदपोल या सरळ रस्त्यावर बेतलेली आहे. बाजाराच्या रस्त्यांवर दुकानांचे गाळे, त्यांवरचे सज्जे, कठडे, सगळे एका ओळीत धरले गेले. हवेली मालकाची, पण तिचा रस्त्याकडचा चेहरा शहराचा, असा हा व्यवहार होता. उंच व्हायचा अधिकार राजाने स्वतःकडे ठेवला होता. उत्तरेच्या डोंगरकड्यावर १७३४ मध्ये नाहरगड उभा राहिला खरा, पण तो शहराच्या पाठीशी आहे, डोक्यावर नाही.

या आखीव रेषेच्या वर सुरुवातीला दोनच गोष्टी ठळकपणे गेल्या. एक राजवाड्यातला सात मजली चंद्रमहाल, आणि दुसरी जंतरमंतर या जयसिंहाच्या वेधशाळेतले सम्राट यंत्र. यातले दुसरे जास्त विलक्षण आहे. सुमारे २७ मीटर उंचीची ही तिरपी भिंत म्हणजे दगडी सूर्यघड्याळाचा काटा. तिचा उतार जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे साधारण २७ अंशांचा, त्यामुळे तिची कड ध्रुवाकडे रोखलेली राहते. तिची सावली बाजूच्या वक्र कट्ट्यावरून सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांच्या खुणा बारीक, म्हणून वाचताना चूक होते. यंत्र मोठे केले की खुणा मोठ्या होतात, हा जयसिंहाचा हिशेब. जगात उंच इमारती पुष्कळ झाल्या, पण उंचीची गरज गणिताने सिद्ध करून बांधलेली अशी इमारत विरळा. माथ्यावर एक छत्री आहे, तिथून ग्रहण आणि पावसाचे अंदाज जाहीर होत.

जयसिंह १७४३ मध्ये गेला आणि जयपूरच्या आकाशात मराठ्यांचा प्रवेश झाला. गादी थोरल्या ईश्वरीसिंहाकडे आली. धाकटा माधोसिंह मेवाडच्या राजकन्येचा मुलगा, आणि तिच्या पोटचा मुलगाच वारस होईल असा करार १७०८ मध्ये झालेला. भाऊबंदकी पेटली. पुण्याच्या सरदारांतही तिच्यावरून दोन तट पडले: शिंदे ईश्वरीसिंहाकडे झुकलेले, होळकर माधोसिंहाकडे. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंहाने भावाची आणि त्याच्या मित्रांची फौज उधळली. पुढच्याच वर्षी बगरूला मल्हारराव होळकरांनी त्याला वाकवले. भावाला परगणे आणि मराठ्यांना खंडणी कबूल करून त्याने सुटका करून घेतली. बगरू आज ठशांच्या कापडासाठी ओळखले जाते, त्या ओढण्या घेणाऱ्या मराठी बायकांना ही गोष्ट क्वचितच कोणी सांगत असेल.

त्यानंतर, १७४९ मध्ये, ईश्वरीसिंहाने त्रिपोलिया बाजाराजवळ ईसरलाट उभारली. लोक तिला सरगासूली म्हणतात. अष्टकोनी, सात मजली, वर छत्री. जयपूरचा हा पहिला मनोरा, त्याच्या काळाच्या मानाने गगनचुंबीच. तो विजयस्तंभ म्हणवतो, पण ज्या विजयासाठी बांधला त्याच्यावर बगरूने आधीच पाणी फिरवलेले होते. गावगप्पा आणखी वेगळे सांगतात: दिवाण हरगोविंद नाटाणीची देखणी मुलगी दिसावी म्हणून राजाने मनोरा बांधला. गप्पेला पुरावा नाही, पण ती टिकली याचे कारण समजण्यासारखे आहे. रस्त्यावरची सगळी छपरे एका पातळीत असताना एकच माणूस वर चढला, की त्याला कुणाच्या अंगणातले काय दिसते, ही शंका बाकीच्यांना येणारच.

१७५० च्या डिसेंबरात मल्हारराव थकलेल्या बाकीसाठी फौज घेऊन जयपूरच्या रोखाने आले. खजिन्यात देण्यासारखे नव्हते. ईश्वरीसिंहाने विष घेतले. नाग डसवून घेतला असेही सांगतात. कछवाहा राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत, त्याची मात्र राजवाड्याच्या आवारातच आहे. माधोसिंह मराठ्यांच्या बळावर गादीवर बसला आणि महिन्याभरात सगळे फिरले. १० जानेवारी १७५१ रोजी छावणीतली हजारो मराठी माणसे तटाच्या आत आली होती. त्यांतली बरीच जयसिंहाचे नवे शहर, देवळे, बाजार पाहायला आलेली. दुपारी दरवाजे बंद झाले आणि कत्तल सुरू झाली. काहींनी तटावरून उड्या टाकल्या. जयपूर पाहायला मराठी पर्यटक आज झुंडीने जातात. त्यांच्या पहिल्या मोठ्या झुंडीचा शेवट असा झाला होता. तेव्हा दीड-दोन वर्षांची असलेली ईसरलाट त्या दुपारी गर्दीतल्या प्रत्येकाने मान वर करून पाहिली असेल, असे मानायला हरकत नाही.

जोधपूरशी जयपूरचे वैर या भाऊबंदकीइतके खोल नव्हते, पण जुने होते. जोधपूरचा अभयसिंह हा जयसिंहाचा जावई. तरी १७४० मध्ये जयसिंहाने जोधपूरला वेढा घातला आणि १७४१ मध्ये गंगवाना इथे बख्तसिंह राठोडाने मूठभर स्वारांनिशी जयपूरच्या अफाट फौजेत मुसंडी मारली. दोन्ही घराणी एकत्र आली ती बहुधा तिसऱ्याच्या धाकाने. १७८७ मध्ये तुंगा इथे ती महादजी शिंद्यांसमोर एकत्र उभी राहिली आणि महादजींना माघार घ्यावी लागली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे महादजींच्या कवायती फौजेने त्याचा हिशेब चुकता केला.

तुंग्याला लढलेल्या सवाई प्रतापसिंहानेच १७९९ मध्ये हवामहाल बांधला. खंडणी आणि लढायांनी खजिना पोखरलेला असताना हे काम झाले, आणि त्याची रचना पाहिली की काटकसर दिसते. रस्त्याकडून पाच मजली डोलारा, पण वरचे तीन मजले एका खोलीइतकेच जाड. आत चढायला जिन्यांऐवजी उतार. ९५३ लहान-मोठ्या खिडक्यांमागून राण्यांनी बाजार पाहावा, हा हेतू. लालचंद उस्ताद या कारागिराने उंचीचा एक पडदा तयार केला. जगात जयपूरची ओळख झाली ती याच पडद्याने, सम्राट यंत्राने नाही. देखणेपणापुढे गणित नेहमी मागे पडते.

दोन शहरांची खरी झुंज १८०७ ची. उदयपूरच्या कृष्णाकुमारीशी लग्न कुणाचे, जयपूरच्या जगतसिंहाचे की जोधपूरच्या मानसिंहाचे, यावरून जयपूरची फौज मेहरानगडाखाली येऊन बसली. गड पडला नाही. गडाच्या एका दरवाज्यावर तोफगोळ्यांचे वण आजही दाखवतात, आणि जवळच जयपूरकरांशी लढताना पडलेल्या कीरतसिंह सोढा याची छत्री आहे. मानसिंहाने विजयाची खूण म्हणून जयपोल बांधला. लक्षात घेण्यासारखे हे, की शेजारच्या राजधानीवर मिळवलेल्या विजयासाठी जोधपूरने दरवाजा बांधला, तर भावावर मिळवलेल्या विजयासाठी जयपूरने मनोरा. परक्याला दाखवायला दरवाजा पुरतो. उंच जाण्याची निकड घरातल्याच माणसापुढे भासते. कृष्णाकुमारीला १८१० मध्ये विष दिले गेले. तिच्यासाठी कुणी काही बांधले नाही.

इंग्रजी अमलात दोन्हीकडे घुमट आणि घड्याळे आली. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीसाठी रामसिंहाने जयपूरला गेरूचा गुलाबी रंग दिला. त्याच वेळी पायाभरणी झालेला अल्बर्ट हॉल १८८७ मध्ये खुला झाला, वास्तुकार सॅम्युअल स्विंटन जेकब. जोधपूरला १८९९ मध्ये संगमरवरी जसवंत थडा झाला आणि सरदारसिंहाने बाजारात घंटाघर उभारले. मेहरानगडाखाली ते घड्याळ अगदीच लहान दिसते.

गडाला पहिला तोलामोलाचा जोडीदार मिळाला तो विसाव्या शतकात. दुष्काळाने खंगलेल्या प्रजेला काम मिळावे म्हणून उमेदसिंहाने चित्तर टेकडीवर राजवाडा बांधायला घेतला. पायाचे खोदकाम सुरू झाले १८ नोव्हेंबर १९२९ रोजी; जयपूरच्या पायाभरणीचीच ही तारीख, योगायोग म्हणून सोडून द्यावी. वास्तुकार हेन्री व्हॉन लँचेस्टर. दोन-तीन हजार माणसे राबली, ३४७ खोल्या झाल्या, आणि शंभर फुटांहून उंच घुमट पूर्ण होईतो १९४३ साल उजाडले. दगड जोधपूरचाच, एकमेकांत अडकतील असे घडवून चुन्याशिवाय बसवलेले. जयपूरच्या बहुतेक भिंती दगड-चुन्याच्या आणि वर गिलाव्याच्या, म्हणून त्यांना रंग लागतो. जोधपूरच्या घडीव दगडाला तो नको असतो. या राजवाड्यामुळे शहराच्या क्षितिजावर गडासमोर दुसरे टोक आले. राजेशाहीला त्यानंतर जेमतेम सहा वर्षे उरली होती. उपाशी माणसांना मजुरी देण्यासाठी राजाचे घर बांधावे, यात दानत किती आणि डौल किती, हा प्रश्न आजही त्या घुमटाकडे पाहून पडतो. तलावांनी दुष्काळ अधिक हटला असता. पण तलाव क्षितिजावर दिसत नाही.

३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांच्या हस्ते बृहद् राजस्थानचे उद्घाटन जयपूरला झाले. राजधानी जयपूरला गेली, उच्च न्यायालय जोधपूरला. राजधानी ठरवताना पाण्याची सोय पाहिली गेली. चिडियानाथाचा शाप मानणाऱ्यांना यापेक्षा मोठा दाखला नको. सचिवालय, विद्यापीठ, बँका जयपूरला आल्या आणि लोकसंख्येतला फरक वाढत गेला. २०११ च्या जनगणनेत जयपूर ३० लाखांच्या पुढे होते, जोधपूर १० लाखांच्या थोडे वर.

आजच्या अर्थाने उंच इमारती जयपूरला आहेत त्या याच गर्दीतून आल्या. तटाबाहेर दक्षिणेकडे वाढायची वाट दिवाण मिर्झा इस्माईल यांनी १९४० च्या दशकातच मोकळी केली होती. त्यांच्या नावाचा एम. आय. रोड आणि मोकळ्या बंगल्यांची सी-स्कीम ही त्या काळातली. २०१२ मध्ये जवाहरलाल नेहरू मार्गावर वर्ल्ड ट्रेड पार्क उघडले, पुलाने जोडलेल्या काचेच्या दोन इमारतींचे. टोंक रोड, अजमेर रोड, जगतपुरा या भागांत वीसच्या आसपास मजल्यांचे गृहसंकुल आता नवलाचे राहिलेले नाही. मुंबईकर त्याकडे मान वर करून पाहणार नाही. पण या मनोऱ्यांना ना विजय सांगायचा आहे ना सूर्य मोजायचा. जमिनीचा भाव आणि बांधकामाचे नियम एवढ्यावर त्यांची उंची ठरते. त्यामुळे ते कुठल्याही शहरात चालतील असे दिसतात. जोधपूरला हवाई दलाचा तळ आणि विमानतळ वस्तीला लागून असल्याने उंचीवर बंधन आहेच, आणि मागणीही तेवढी नाही. तिथली नवी वस्ती आडवी पसरते.

तटाच्या आतल्या जयपूरची रेषा मात्र कागदोपत्री राखलेली आहे. जंतरमंतर २०१० मध्ये आणि तटाआतले शहर २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. मेट्रो २०१५ मध्ये मानसरोवरहून खांबांवरून आली, पण चांदपोलला जमिनीखाली शिरली आणि २०२० मध्ये बोगद्यातूनच बडी चौपडला पोहोचली. बाजाराच्या डोक्यावर पूल आला नाही. कागदाबाहेर काय चालते ते संक्रांतीला कळते. त्या दिवशी अख्खे शहर पतंग घेऊन गच्चीवर असते, आणि हवेल्यांवर चढवलेले चोरटे मजले, प्लॅस्टिकच्या टाक्या, मोबाईलचे मनोरे सगळे एका नजरेत येतात. ईसरलाटही त्या गर्दीतून शोधून काढावी लागते.

मेहरानगड युनेस्कोच्या यादीत नाही. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा गडांना तो मान मिळाला, त्यात जयपूरकरांचा आमेर आहे. जोधपूरकर हा विषय निघाला की आमेर मेहरानगडापेक्षा किती ठेंगणा आहे ते सांगायला लागतात.