क्लोव्हर

ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'चा विषय निघाला की गप्पा नेपोलियन डुकरावर जातात, नाहीतर बिचाऱ्या बॉक्सर घोड्यावर. क्लोव्हरचं नाव कुणी काढतच नाही. मला मात्र १९४५ सालच्या त्या छोट्याशा पुस्तकात सगळ्यात जास्त छळते ती हीच. चार शिंगरं झालेली, अंगानं सुटलेली घोडी. पहिल्याच सभेत आई हरवलेली बदकाची पिल्लं तुडवली जाऊ नयेत म्हणून ती पुढचा पाय वळवून त्यांना कुंपण करते, आणि ती बेटी तिथेच झोपून जातात! बॉक्सरचा खूर चिरला की पाला चावून चावून लेप करणारीही हीच. एकत्र कुटुंबातली थोरली काकू म्हणा ना.

तिची खरी गोची वेगळीच आहे. मुळाक्षरं सगळी येतात, पण जोडून शब्द वाचता येत नाही. डुकरं घरात पलंगावर झोपायला लागतात, तेव्हा तिला पक्कं आठवतं की याला बंदी होती. म्युरिएल शेळीकडून ती भिंतीवरचा नियम वाचून घेते, तर त्यात चादरीचं कलम घुसलेलं! आमच्या धंद्यात कोडची एक ओळ बदलली तरी कुणी, कधी बदलली ते काढता येतं. त्या भिंतीची जुनी आवृत्ती फक्त क्लोव्हरच्या डोक्यात. आणि तिचा विश्वास डोक्यापेक्षा भिंतीवर जास्त.

पुढची कत्तल स्टालिनच्या १९३६-३८ च्या खटल्यांवर बेतलेली आहे. ती झाल्यावर उरलेली जनावरं टेकाडावर क्लोव्हरला बिलगून बसतात. २००९ च्या मंदीत आमच्या ऑफिसात एका दुपारी अर्धी रांग रिकामी झाली होती. उरलेले आम्ही आपोआप एका सीनियर बाईंच्या टेबलाशी गोळा झालो. त्या काही बोलल्या नाहीत, डबा उघडून पुढे सरकवला फक्त. असो.

क्लोव्हरला 'भाबडी' म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. टेकाडावर तिला सगळं कळलेलं असतं... बलवानांनी दुबळ्यांना सांभाळायचं, तिनं त्या पिल्लांना सांभाळलं तसं, हे ठरलं होतं आणि झालं भलतंच. पण हे सांगायला शब्द नाहीत, आणि बंडाचा विचार मनालाही शिवत नाही, कारण जोन्सचे दिवस याहून वाईट होते. म्हणून ती जुनं गाणं म्हणायला लागते. थोड्याच वेळात स्क्वीलर येऊन सांगतो, ते गाणंही आता बंद.

शेवटी डुकरं माणसांबरोबर पत्ते कुटत बसलेली असतात, तेव्हा बिचकलेल्या जनावरांच्या पुढे होऊन खिडकीपर्यंत जाते ती क्लोव्हरच. डोळे अधू झालेत, तरी एकेक चेहरा निरखत राहते.