पहिला क्रमांक कोणाला?

गरीब विद्यार्थ्यांच्या वह्यांसाठी रद्दी गोळा करण्याची प्रथा आमच्या अंधेरीच्या धर्मग्रामात पुष्कळ वर्षांपासून चालत आली आहे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर सभागृहात वर्तमानपत्रांचे ढीग रचले जातात. तरुण मंडळी ते वेगळे करतात, वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर बसून सूचना देतात, आणि आम्ही मध्ये उभे राहून दोघांच्याही कामात अडथळा आणतो. गेल्या वर्षी या ढिगात सुतळीने बांधलेले दोन जाडजूड गठ्ठे आले. गावठाणातले एक जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे होत होते. त्याच्या पोटमाळ्यावरून ते निघाले होते. सुतळी सोडली तेव्हा एका गठ्ठ्यात अमर चित्रकथा आणि दुसऱ्यात 'टिंकल'चे जुने अंक निघाले, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास रद्दीचे काम ठप्प झाले.

चाळिशी-पन्नाशीतले गृहस्थ शाळकरी मुलांसारखे जमिनीवर फतकल मारून बसले. पाने उलटता उलटता वाद निघाला. अंकल पै यांनी आपल्याला जे जे दिले, त्यात सर्वांत श्रेष्ठ कोणते? पहिला क्रमांक कोणाला?

आजच्या लहानग्यांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगावयास हवे. अनंत पै यांचा जन्म 1929 साली कर्नाटकातील कारकळ येथे झाला. दोन वर्षांचे असतानाच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि बाराव्या वर्षी ते मुंबईत आले. शिक्षण घेतले रसायन तंत्रज्ञानाचे, पण ओढा मुलांच्या पुस्तकांकडे. टाइम्स ऑफ इंडियात असताना 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या आरंभीच्या दिवसांशी त्यांचा संबंध आला. 1967 साली दिल्लीत दूरचित्रवाणीवर मुलांची एक प्रश्नमंजूषा त्यांनी पाहिली. ग्रीक देवांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी झटकन दिले, पण रामाच्या आईचे नाव कोणालाच सांगता येईना. त्या खंतीतून इंडिया बुक हाउसच्या आश्रयाने अमर चित्रकथेची कल्पना आकाराला आली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, म्हणून पै यांनी लिहिलेल्या आणि राम वाईरकर यांनी रेखाटलेल्या 'कृष्ण' या अंकाला अकरावा क्रमांक मिळाला. पुढे या मालिकेत चारशेहून अधिक अंक निघाले. आपल्या प्रभू येशूच्या जीवनावरचा अंकही त्यांत आहे. 1980 साली 'टिंकल' सुरू झाले. 24 फेब्रुवारी 2011 रोजी पै निवर्तले. त्यांच्या पश्चात काही वर्षे या पुस्तकांवर मरोळ-मरोशी मार्गाचा, म्हणजे आमच्याच अंधेरीचा, पत्ता छापलेला असे. आमची तरुण मंडळी हे अशा काही अभिमानाने सांगत होती की जणू त्यांच्या वाडवडिलांनीच ती जागा दान दिली असावी!

तर वाद. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी निक्षून सांगितले, "अमर चित्रकथा! बाकीचा सारा पोरखेळ. आम्ही मराठी शाळेतली मुले. शिवाजी महाराजांपासून तान्सेनापर्यंत सारे त्या अंकांतच वाचले." त्यांच्या समोर बसलेली एक महाविद्यालयीन मुलगी पाने चाळत होती. ती हळूच म्हणाली, "अंकल, पण यात देव तेवढे गोरे आणि राक्षस तेवढे काळे का?" मुलगी स्वतः सावळी आहे. बँकवाले अंकल क्षणभर निरुत्तर झाले. हा आक्षेप अभ्यासकांनीही या मालिकेवर घेतला आहे. पण पुस्तकात वाचलेला आक्षेप निराळा आणि ज्याला तो बोचतो त्याच्या तोंडून ऐकलेला निराळा.

इस्पितळात रात्रपाळी करून थेट मिस्साला आलेल्या एका परिचारिका भगिनीने शिकारी शंभूच्या बाजूने मत दिले. डोळ्यांवर ओढलेली ती टोपी, मोठमोठ्या मिशा, वाघाचे नुसते नाव काढताच थरथरणारे पाय, आणि तरीही शेवटी वाघ पिंजऱ्यात व शंभूच्या गळ्यात हार! एका गृहस्थांनी तंत्री मंत्र्याचा पक्ष घेतला. राजा हूजाची गादी बळकावण्यासाठी तो कट रचतो, प्रत्येक कट त्याच्याच डोक्यावर उलटतो, आणि भोळ्या राजाला शेवटपर्यंत आपला मंत्री स्वामिनिष्ठच वाटतो. "फादर, आमच्या कार्यालयात असा एक आहे," असे सांगून त्यांनी चांगलाच हशा मिळवला. वेदीसेवक मुलांचा कल मात्र एकमुखाने सुप्पंडीकडे होता.

या गोष्टी एकट्या पै यांनी लिहिल्या नाहीत, हे आम्ही मध्येच सांगितले. पै संपादक; त्यांच्या छत्राखाली अनेक हात राबले. शंभूला लुइस फर्नांडिस यांच्या लेखणीने आणि वसंत हळबे यांच्या कुंचल्याने घडविले. कालिया कावळा प्रदीप साठे यांनी, तंत्री अशोक डोंगरे यांनी आणि सुप्पंडी वाईरकरांनी रेखाटला. सुप्पंडीचे बीज तर त्रिचीच्या एका वाचकाने पाठविलेल्या तामिळ लोककथांत होते. आमच्या बालपणी 'टिंकल'चे इंग्रजी अडखळत वाचावे लागे, पण चित्रे समजावयास कोणतीच अडचण येत नसे. ती आपल्याच माणसांनी काढलेली होती, हे आम्हांला फार उशिरा कळले.

"ते सारे खरे, फादर," मुले म्हणाली, "पण निकाल तुम्ही द्या."

आम्ही विचार करीत होतो, तेवढ्यात चर्चच्या आवारात झाडलोट करणारा, मेणबत्त्या लावणारा आमचा मदतनीस चहाचे पेले घेऊन आत आला. त्याला आम्ही सहा कप सांगितले होते. माणसे पंचवीस-तीस झाली होती, तरी त्याने मोजून सहाच आणले. एक मुलगा ओरडला, "आला, आला, आमचा सुप्पंडी आला!" सारे सभागृह हसले. मदतनीसही हसला. त्याचे ते हसू आम्ही ओळखले. चाळीस वर्षांपूर्वी ते आम्ही दुसऱ्या एका चेहऱ्यावर पाहिले होते.

1983 साली सुप्पंडी 'टिंकल'मध्ये अवतरला, तेव्हा आम्ही आठवीत होतो. रद्दीच्या दुकानातून एका दिवसाला चार आणे भाड्याने अंक आणायचा आणि तो वर्गात फिरवायचा, हा आमचा उद्योग. आमच्या वर्गात एक मुलगा होता. सांगितलेले काम तो शब्दशः करी. त्यामागचा हेतू त्याला उमगत नसे. एकदा पावसाची झड आत येऊ लागली, म्हणून गुरुजींनी त्याला सांगितले, "बाहेर जाऊन दार लाव." तो बाहेर गेला. दार लावले. आणि बाहेरच उभा राहिला, कारण पुन्हा आत ये असे त्याला कोणी सांगितले नव्हते. गुरुजी फळ्याकडे वळले आणि विसरले. आम्ही मात्र विसरलो नव्हतो. तो पावसात भिजतो आहे, हे मागच्या बाकावरच्या आम्हां चौघांना खिडकीतून दिसत होते. आम्ही तोंडावर हात ठेवून हसत राहिलो. तास संपल्यावर दार उघडले, तो ओलाचिंब आत आला, आणि आम्ही मोठ्याने म्हणालो, "या, सुप्पंडी!"

नाव चिकटले. प्रथम वर्गात, मग शाळेत, मग गावठाणात. गुरुजीही हजेरी घेताना ते नाव घेऊ लागले. तो नेहमी हसत असे, म्हणून त्याला काही वाटत नाही अशी आम्ही स्वतःची समजूत करून घेतली. नववीत त्याने शाळा सोडली. नावामुळेच सोडली असे आम्ही म्हणणार नाही. घरची परिस्थितीही बेताची होती. पण त्याला थांबवण्यासारखे शाळेत काही उरले नव्हते, एवढे खरे. काही वर्षांनी आम्ही सेमिनरीत दाखल झालो. तेथे नीतिशास्त्र शिकलो, कबुलीजबाब कसा ऐकावा हे शिकलो. तो तास मात्र कधी आठवला नाही.

गुरुदीक्षेनंतर काही वर्षांनी त्याच्या आईच्या अंत्यविधीसाठी आम्ही त्या गावठाणात गेलो. दफनविधी आटोपल्यावर तो पुढे आला, आमचा हात दोन्ही हातांत धरला आणि भोवतालच्या नातलगांना कौतुकाने म्हणाला, "फादर आणि मी एका वर्गात होतो. माझे नाव फादरनीच ठेवले."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्हांला सोसला असता. आजवर आम्ही शेकडो बालकांना बाप्तिस्मा दिला आहे. प्रत्येक वेळी 'या बाळाचे नाव काय ठेवता?' असे आई-वडिलांना विचारतो. तेव्हा आम्ही न विचारता ठेवलेले ते एक नाव आमच्या समोर उभे राहते.

त्या रविवारी सभागृहात ही हकीकत आम्ही मंडळींना सांगितली. सांगताना आवाज फारसा स्थिर नव्हता. मग आमचा निकाल दिला. विनोदी गोष्टींची प्रतवारी करताना किती हसू आले हे सारेच मोजतात. हसू कोणावर आले हेही मोजावे, असे आम्हांला वाटते. तंत्रीच्या गोष्टीत आपण कपटाला हसतो, ते योग्यच आहे. पण ते हसू आपल्याला सोपे पडते, कारण आपण कपटी आहोत असे कोणालाच वाटत नाही. शंभूची गोष्ट निराळी. सारे जग त्याला शूर समजते. तो भित्रा आहे हे फक्त त्याला आणि वाचकाला ठाऊक असते. त्याला हसताना आपण आपल्याच लपविलेल्या भीतीला हसतो. प्रवचनपीठावर चढताना पाय लटपटणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना तर तो फारच जवळचा! म्हणून पहिला क्रमांक शिकारी शंभूला.

आणि सुप्पंडी? त्याच्यावर अन्याय करावयाचा नाही. गठ्ठ्यातल्या त्या गोष्टी आम्ही पुन्हा वाचल्या, तेव्हा लहानपणी न दिसलेली एक गोष्ट दिसली. सुप्पंडी कधी कोणाचे वाईट चिंतीत नाही, कधी खोटे बोलत नाही. हुकूम नीट न देणारे धनीही त्या घोटाळ्याला तेवढेच जबाबदार असतात. खोट गोष्टीत नव्हती. ती पुस्तकातून काढून एका जिवंत मुलाच्या कपाळी चिकटविणाऱ्या हातात होती.

लोकशाहीचे दिवस आहेत, म्हणून शेवटी हात वर करून मतदान झाले. सुप्पंडी पहिला आला, शंभू दुसरा, अमर चित्रकथा तिसरी. आमचा निकाल असा फेटाळला गेला आणि आम्ही तो मुकाट्याने मान्य केला. एकच अट घातली: हे नाव यापुढे पुस्तकातच राहील. ओरडणारा मुलगा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि उरलेले पेले स्वतः घेऊन आला.

गठ्ठे रद्दीत गेले नाहीत. ते आता सभागृहातल्या कपाटात आहेत. सारे पांगल्यावर मदतनीस खुर्च्या उचलीत होता. एवढ्या वादात त्याचे मत कोणी विचारलेच नव्हते, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. आम्ही त्याला त्याच्या नावाने हाक मारली आणि विचारले, "तुला यातले कोण आवडते रे?"

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि विचार करून म्हणाला, "कालिया, फादर. तो वरून बघतो. कोल्हा सशाच्या पिल्लांच्या मागे लागला की आधी येऊन सांगतो."

थोडे थांबून त्याने विचारले, "आता किती कप आणू?"

आम्ही म्हणालो, "दोन आण. एक तुझा." आणि मग त्या दिवसाचे वर्तमानपत्र न वाचता आम्ही दोघे कालियाचा अंक घेऊन बसलो.