आमची युरोपची सहल

मुलांनो, सहल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एसटीची खिडकी, डब्यातल्या दशम्या, पुढच्या सीटवरून भांडण आणि परत येताना घसा बसेपर्यंत गाणी. खरं ना? आमच्या वर्गानं मात्र गेल्या हिवाळ्यात एक वेगळीच सहल आखली. थेट युरोपातल्या राजधानीची! ती ठरली कशी आणि शेवटी गेली कुठं, तेच आज तुम्हांला सांगणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही आधी हसलेच होते, आणि तिथंच माझं चुकलं.

मी वारणानगरला चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात बत्तीस मुलं. एका शनिवारी चित्रकलेच्या तासाला मी मोनालिसाचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर फळ्याजवळ टांगलं. म्हटलं, "हे लिओनार्दो दा व्हिंची या चित्रकारानं काढलं. मूळ चित्र फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसला, लूव्र नावाच्या संग्रहालयात आहे."

"मग तिकडंच जाऊया की बाई सहलीला!" खिडकीजवळचा एक पठ्ठ्या ओरडला. "वाद्यवृंदातली पोरं लांब लांब जाऊन वाजवून येत्यात. चित्रं काढणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?"

तात्यासाहेब कोरे यांनी इथं उभा केलेला वारणेचा बालवाद्यवृंद तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. म्हणजे पोराचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. पण सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. म्हटलं, "आधी पन्हाळा नीट बघा, मग पॅरिस!"

एक मुलगी मात्र हसली नाही. शेवटच्या बाकावरची. ती बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की अशी मुलं आमच्याकडं येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आईबापांबरोबर निघून जातात. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ते चित्र बघायला तिकीट किती पडतं?"

"खूप," मी म्हटलं. "आपल्याला नाही परवडायचं."

ती खाली बसली. घंटा झाली. पण माझ्या मनात तो प्रश्न राहिला. रात्री जेवणं झाल्यावर मी त्या संग्रहालयाची माहिती शोधली आणि काय सापडलं, सांगू? लूव्रमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही! मूल कुठल्याही देशाचं असो, आत फुकट. लंडनच्या नॅशनल गॅलरीत तर मोठ्या माणसांनाही नेहमीची चित्रं फुकट बघता येतात. मला माझीच लाज वाटली. 'माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणा' असं वर्गात रोज सांगणारी मी! एका मुलीनं साधा प्रश्न विचारला आणि मी न बघताच उत्तर देऊन मोकळी झाले.

सोमवारी हजेरी घेतल्यावर पहिलं काम तेच केलं. म्हटलं, "माझं चुकलं. तिकीट शून्य रुपये आहे." त्या मुलीनं वही उघडली आणि पानाच्या मधोमध भलंमोठं शून्य काढलं. मग काय विचारता! सगळ्यांनीच नव्या वह्या घातल्या. वर नाव घातलं, 'सहलीची वही'. आणि आमची तयारी सुरू झाली.

पहिला मथळा होता, 'काय बघायचं?' मोनालिसा तर होतीच. पण ती केवढी? कुणी म्हणालं दाराएवढी, कुणी म्हणालं भिंतीएवढी. खरी मोनालिसा आहे ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. मीटरपट्टी घेऊन आम्ही खडूनं फळ्यावर तेवढी चौकट काढली. "एवढीच?" सगळ्यांचे चेहरे पडले.

मी म्हटलं, "थांबा. त्याच दालनात तिच्या समोरच्या भिंतीवर आणखी एक चित्र आहे. व्हेरोनेझे नावाच्या चित्रकाराचं. काना नावाच्या गावातलं लग्न."

"कानाचं लग्न? मग नाकाला बोलावलं का न्हाई?"

हसू ओसरल्यावर आम्ही सुतळी घेऊन पटांगणात गेलो. ते चित्र ६ मीटर ७७ सेंटिमीटर उंच आणि ९ मीटर ९४ सेंटिमीटर रुंद आहे. चार मुलं चार कोपऱ्यांवर सुतळी धरून उभी राहिली, बाकीचा वर्ग आत बसला. तरी जागा उरली! त्या चित्रात शंभरावर माणसं आहेत. पण लूव्रमध्ये येणारे बरेचसे लोक त्याच्याकडं पाठ करून लहानशा मोनालिसासमोर दाटी करतात. "येडीच की मग!" सुतळी धरलेला एकजण म्हणाला. आम्ही वहीत लिहून ठेवलं, 'मागं वळूनही बघायचं.'

दुसरा मथळा, 'कधी जायचं?' लूव्र मंगळवारी बंद असतं. मंगळवारी पोचलो असतो तर दाराला हात लावून परत! शिवाय हिवाळ्यात पॅरिसचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं. आपली शाळा सकाळी अकराला भरते, तेव्हा तिकडं पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात.

तिसरा मथळा, 'खर्च'. इथं मात्र गाडी अडली. विमानाचं भाडं, पासपोर्ट, व्हिसा, राहणं, जेवण. त्याला बत्तीसनं गुणलं. उत्तर लिहिता लिहिता फळ्याची कड आली. वर्ग गप्प झाला. आत जायला पैसे लागत नव्हते, पण दारापर्यंत जायलाच लागत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, आपल्याकडचं कुणी गेलंय का तिकडं?"

परत तीच मुलगी. या वेळी मी शहाणी झाले होते. म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची गोष्ट सांगितली. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज नव्हेत बरं का, हे त्यांच्याही आधीचे. १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते बोटीनं इंग्लंडला गेले. लंडन पाहिलं, विलायतेतली माणसं पाहिली आणि जे पाहिलं ते रोजनिशीत इंग्रजीत लिहून ठेवलं. परत येताना ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. तिथं दहनाची चाल नव्हती. तरीही आर्नो नदीच्या काठी, जिथं मुन्योने नावाची लहान नदी तिला मिळते, तिथं हिंदू रिवाजाप्रमाणे त्यांचं दहन झालं. त्यांची रोजनिशी पुढं १८७२ साली लंडनला छापली गेली. १८७४ साली त्या नदीकाठी त्यांचं स्मारक उभं राहिलं. वर आपल्याकडच्यासारखी छत्री आणि खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. शंभर वर्षांनी तिथं जवळच मोठा पूल झाला. त्या पुलाला आजही तिकडचे लोक 'इंडियानो'चा, म्हणजे भारतीय माणसाचा पूल म्हणतात.

"पण बाई, फ्लॉरेन्स काय राजधानी न्हाई. इटलीची राजधानी रोम." आमचा हुशार गडी जागा होता.

"आज रोमच आहे," मी म्हटलं. "पण १८६५ ते १८७१ या काळात इटलीची राजधानी फ्लॉरेन्स होती. म्हणजे महाराज होते तेव्हा ती राजधानीच!"

आता खरी गंमत ऐका. त्या छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुशिल्पकारानं. आणि याच मँटनं आपल्या कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाऊन हॉलही आखला. टाऊन हॉलमध्ये आता संग्रहालय आहे. त्या संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. देव ग्रीक लोकांचा, मूर्ती रोमन काळातली आणि सापडली कुठं? पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात, १९४०च्या दशकात!

वर्गात क्षणभर शांतता. मग खिडकीजवळचा पठ्ठ्या उभा राहिला, "म्हणजे बाई, युरोपच तीस किलोमीटरवर आलाय की!"

सहल ठरली. आमच्या वहीतले मथळे तसेच राहिले, फक्त गाव बदललं. संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं ते आधी विचारून घेतलं. एसटीची शालेय सहलीची सवलत मागितली. तारीख घटक चाचणीनंतरची धरली. तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हिची टोळी तवर जाणार. ऊस संपत आलाय."

मी 'पुढच्या वर्षी' म्हणणार होते. पण टोळी पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्याला जाईल, हे त्या मुलीलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. तारीख अलीकडं घेतली, चाचणी पुढं ढकलली.

संमतीपत्रावर सही घ्यायला मी संध्याकाळी तिच्या खोपीवर गेले. चूल पेटलेली होती. तिची आई म्हणाली, "आमी पहाटं चारला फडात जातो. ही गेल्यावर ल्हान्याला कोण बघंल?" तिचा तीन वर्षांचा भाऊ तिच्याच मांडीवर बसला होता.

'एका दिवसाचा तर प्रश्न आहे,' असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एकजण घरी राहिला की दोघांची मजुरी अडते. बाकीच्यांचा एक दिवस तो त्यांचा एक दिवस नव्हे. मी गप्प राहिले. तेव्हा तीच म्हणाली, "त्याला घेऊन येते की."

मुख्याध्यापकांशी बोलून, माझ्या जबाबदारीवर, आमची सहल तेहतीस जणांची झाली.

टाऊन हॉलसमोर उतरल्यावर आधी आम्ही इमारत पाहिली. कमानी मोजल्या. फ्लॉरेन्सची छत्री आखणाऱ्याच हातांनी ही इमारत कागदावर उतरवली होती, म्हणून मुलं बोटांनी हवेत कमानी काढत होती. आत नियम एकच होता. धावायचं नाही. आवडलेल्या एकाच वस्तूसमोर दहा मिनिटं थांबायचं आणि ती वहीत काढायची. कुणी जुनी शस्त्रं काढली, कुणी दगडी मूर्ती. एकजण कोल्हापूरच्या चित्रकारांच्या चित्रांपाशी असा रमला की त्याला बोलावून आणावं लागलं.

शेवटच्या बाकावरची आमची मुलगी पोसायडनसमोर बसली होती. भावाला कडेवरून उतरवून पुढ्यात घेतलं होतं. मी तिला सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन मुलखातली गलबतं पावसाळी वाऱ्याच्या जोरावर आपल्या किनाऱ्याला लागत. तिथून व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढून वर येत. असाच कुणाच्या तरी सामानातून हा देव कोल्हापूरपर्यंत आला असावा.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा तिकडचा, इकडं ऱ्हायला. ते महाराज इकडचे, तिकडं ऱ्हायले. दोघं बी माघारी न्हाई गेले, न्हाई का बाई?"

"नाही गं, नाही गेले," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि चित्र पुरं केलं. देवाची दाढी तिनं फार सुरेख काढली होती.

पुढं पंधरा-वीस दिवसांत पट्टा पडला. एका सकाळी शेवटचा बाक रिकामा दिसला. सहलीची वही ती बरोबर घेऊन गेली होती, याचं मला बरं वाटलं. तिच्या वहीत पहिल्या पानावर शून्य आहे आणि शेवटच्या पानावर पोसायडन.

मुलांनो, पॅरिसचा बेत आम्ही रद्द केलेला नाही. वह्या जपून ठेवल्यात. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी गेलंच, तर त्या दालनात मागं वळून बघायला विसरू नका. तोवर तुम्हीही एक वही घाला. तुमच्या गावापासून जवळचं संग्रहालय कोणतं, तिथलं काय बघायचं, ते केवढं, कुठून आलं, सारं लिहा. आणि पालकहो, मूल 'तिकीट किती?' म्हणून विचारेल, तेव्हा उत्तर देण्याआधी एकदा खरंच बघा. मी बघितलं नव्हतं.

आणि हो, निघण्याआधी ते कोणत्या वारी बंद असतं, तेवढं मात्र विचारून घ्या!