चाकांची पायताणे

चाकांनाही ऋतूप्रमाणे निराळी पायताणे लागतात, हे आम्हांस पंचावन्नाव्या वर्षी, क्वेबेकला मुलीकडे गेलो असता कळले. त्या प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. जावईबापूंचा पिकअप ट्रक १९९८ सालचा. त्याच्या पंधरा इंची चाकांना बसतील असे टायर दुकानोदुकानी हिंडूनही मिळेनात. अखेर एका गृहस्थाच्या कोठारात चार सापडले. खाचा खोल, किंमत हलकी, डोंगर व हिमकण यांची अधिकृत खूणही ठसठशीत! आम्ही मंडईतल्या सरावाने घासाघीस उरकली.

तोच मुलीने वाकून टायरच्या कडेवरील चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. साल निघाले २००९!

“पण हे फारसे वापरलेलेच नाहीत,” आम्ही म्हणालो.

“बाबा, रबर नुसते पडूनही ताठरते, आणि ताठर रबर बर्फाला धरत नाही. रोज पहाटे मलाच ही गाडी हाकायची आहे.”

आम्ही मुकाट्याने पैसे खिशात घातले. नव्या टायरांना तिप्पट दाम पडले आणि दोन आठवडे वाट पाहावी लागली. पण त्या पहाटे आम्हांस पुन्हा झोप लागू लागली.

खाचा खोल असल्या म्हणजे झाले, याच समजुतीवर आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. आमच्या कडेवर असे चार आकडे कोरलेले नाहीत, हे आमच्या विद्यार्थ्यांचे दुर्दैव!