गंजलेल्या सायलेन्सरने घेतलेली माझी परीक्षा



आज एक स्वतःचा अनुभव सांगणार आहे. धडा आठवी-नववीच्या विज्ञानातलाच आहे, 'धातूंचं क्षरण' आणि 'ज्वलन'. मी तो वर्गात कित्येक वर्षं शिकवत होतो, पण मला तो समजला एका गॅरेजमध्ये, गाडीखाली वाकून बघताना.

गोष्ट २०११ च्या पावसाळ्यातली. आम्ही तेव्हा मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला राहायचो. माझ्याकडे १९९४ सालची मारुती ८०० होती. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २००९ साली मी ती रीतसर वाढवून घेतली होती. पीयूसी दर सहा महिन्यांनी करायचो. कागद सगळे चोख. त्यामुळे गाडीही चोख आहे, अशी माझी समजूत!

जून महिन्यात गाडीचा आवाज वाढला. सुरू करताना फट्फट् व्हायचं. शेजारचे काका गमतीने विचारायचे, "काय सर, बुलेट घेतलीत की काय?" मी वाकून बघितलं तर सायलेन्सरच्या पाइपवर गंजाचे पोपडे आणि एके ठिकाणी बोटभर भोक. मी काय केलं? तेलाच्या डब्याचा पत्रा कापून भोकावर गुंडाळला आणि वर तार आवळली. आवाज थोडा कमी झाला. म्हटलं, दिवाळीपर्यंत चालेल. बोनस आला की बघू.

आता दुसरी गोष्ट ऐका. महिन्यातून दोन रविवार आम्ही कल्याणला मावशीकडे जायचो. आई आणि माझी मुलगी मागच्या सीटवर. जाताना सगळं ठीक. पण परत येताना कोपरी पुलापासून मुलुंडच्या टोलनाक्यापर्यंत रांग लागायची. बाहेर पाऊस, म्हणून काचा वर. त्या रांगेत आईचं डोकं दुखायला लागायचं आणि मुलीला मळमळायचं. घरी आलं, दोघी खिडकीत बसल्या, की तासाभरात बरं वाटायचं. आम्ही म्हणायचो, गाडी लागते. आई जाताना आवळासुपारी घेऊन बसायला लागली. मुलीला मी पुढे बघत राहायला सांगायचो.

असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी आई घरी उतरल्यावर जिन्यातच बसली. म्हणाली, "अरे, मला जरा गरगरतंय. पुढच्या वेळी मी लोकलनेच येईन." तेव्हा तिचं वय ७४. मला वाटलं, वयामुळे असेल.

खरं सांगू? त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात कार्बन मोनॉक्साइडवर तास घेतला होता. रंग नाही, वास नाही, विषारी वायू, अपूर्ण ज्वलनातून तयार होतो. फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. आणि मी घरी येऊन त्याच गाडीत आईला बसवलं.

पुढच्या शनिवारी पाइपवरची तार तुटली आणि पत्रा रस्त्यावर घासायला लागला. नाइलाजाने गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथले मिस्त्रीकाका वयाने मोठे, मूळचे कोकणातले. त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ पाइपवर ठोकत गेले. चांगल्या पत्र्यावर टण् आवाज यायचा, सडलेल्या ठिकाणी नुसता थप्. दोन ठिकाणी तर पत्रा आतच गेला. मी म्हटलं, "काका, एक पॅच मारून द्या वेल्डिंगचा."

ते म्हणाले, "सर, वेल्डिंग धरायला खाली पत्रा तर पाहिजे ना? ह्याच्यावर टाका मारला की बाजूला नवं भोक पडतं."

मग त्यांनी मागच्या सीटपुढचं मॅट उचललं. खाली ओला नारळाच्या काथ्यासारखा थर, आणि त्याखाली गाडीच्या तळाला गंजून पडलेलं रुपयाएवढं भोक. त्यातून खालचा पाइप दिसत होता. काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पावसात काच बंद करून चालवता? मागे बसणाऱ्याचं डोकं दुखतं का?"

मित्रांनो, मला काही उत्तर देता आलं नाही. घशाला कोरड पडली. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने एका प्रश्नात जे ओळखलं, ते रसायनशास्त्राच्या पदवीधराला दोन महिन्यांत दिसलं नव्हतं.

आता यामागचं विज्ञान नीट समजून घेऊ.

पहिला प्रश्न, सायलेन्सर गंजतो का? आपल्याला वाटतं, पावसाच्या पाण्याने. ते खरंच, पण अर्धंच. पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. ते जळलं की हायड्रोजनचं पाणी होतं. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण एक लिटर पाणी तयार होतं! एरवी ते वाफ होऊन बाहेर जातं. पण माझी गाडी रोज काय करायची? घर ते शाळा, जेमतेम अडीच किलोमीटर. एवढ्या अंतरात मागचा सायलेन्सर नीट तापतच नाही. वाफेचं पाणी होऊन आतच साचतं. धुरातल्या वायूंमुळे ते थोडं आम्लयुक्तही असतं. म्हणजे सायलेन्सर आतून सडत होता आणि मी बाहेरून पत्रा गुंडाळत होतो.

त्यात आमचं मुलुंड पूर्व. एका बाजूला ठाण्याची खाडी, जवळ मिठागरं. रस्त्याच्या नावातच मिठागर! लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, आणि पाण्यात मीठ असेल तर गंजण्याचा वेग वाढतो. हे आपण खिळ्यांच्या प्रयोगात बघतोच. माझी गाडी म्हणजे उघड्यावर उभा असलेला मोठा खिळाच होता.

दुसरा प्रश्न, त्रास रांगेतच का व्हायचा? गाडी पळत असते तेव्हा वारा गाडीखालचा धूर मागे घेऊन जातो. गाडी उभी राहून इंजिन चालू राहिलं की फुटक्या पाइपमधला धूर तळाखालीच साठतो आणि मिळेल त्या भोकातून आत येतो. माझी काच टोलचे पैसे द्यायला उघडायची, मला थोडी हवा मिळायची. मागच्या दोघींच्या मात्र पायाखालीच भोक होतं.

तिसरा प्रश्न, पीयूसी तर पास होती, मग? हा माझा सगळ्यात मोठा गैरसमज. पीयूसीची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या टोकात घालतात. तिथून जे बाहेर येतं ते मोजलं जातं. वाटेत पाइप फुटून जे खाली सुटतं, त्याची नोंद कुठे होणार? शिवाय पास म्हणजे विष नाही, असं नव्हे. माझ्या गाडीसारख्या जुन्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना उभ्या इंजिनावर ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालत असे. ३ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ३०,००० भाग. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली बंद जागेतल्या हवेसाठी एका तासाची जी मर्यादा सांगितली, ती होते साधारण ३० भाग. करा भागाकार. हजारपट! त्यातला थोडासा धूर जरी बंद गाडीत आला तरी काय होईल, ते तुम्हीच सांगा.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. सुरुवातीची लक्षणं कोणती? डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. अगदी गाडी लागल्यासारखीच. म्हणून तर फसायला होतं. फरक एवढाच, की इथे एकाच गाडीत एकापेक्षा जास्त जणांना त्रास होतो आणि मोकळ्या हवेत आलं की तो ओसरतो. आमच्या घरात हे तीन वेळा घडलं होतं. निरीक्षण होतं, निष्कर्ष मात्र चुकला.

१९९५ सालापासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तो कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो. माझी गाडी त्याच्या एक वर्ष आधीची. पण कन्व्हर्टर असला तरी त्याच्या आधीच पाइप फुटला तर उपयोग काय?

असो. काकांनी दोन पर्याय दिले. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना सायलेन्सर आणून लावायचा, किंवा पाइपसकट नवा. जुना निम्म्या किमतीत मिळाला असता. काका म्हणाले, "तो पण कुणाच्या तरी गाडीखाली असाच भिजलाय. बाहेरून रंग मारला की आतलं कळत नाही." मी नवाच घ्यायचं ठरवलं.

काम सोपं नव्हतं. नट-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. काकांनी त्यांवर गंज सोडवायचं तेल मारून तासभर तसंच ठेवलं. दोन सुटले, एक तुटला, एक करवतीने कापावा लागला. जोडाचं पॅकिंग नवं, लटकवायचे रबर नवे. तळाचं भोक मात्र वेल्डिंगनेच बुजवलं, कारण तिथे आजूबाजूचा पत्रा शाबूत होता. त्याआधी बॅटरीची वायर काढली, मॅट आणि सीट बाहेर ठेवली. शेवटी इंजिन चालू करून प्रत्येक जोडाजवळ हात धरून बघितला, कुठे फुंकर लागते का. सगळे मिळून २,७०० रुपये झाले. एवढ्यासाठी मी दिवाळीची वाट बघत होतो!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझं वय झालं म्हणून नव्हतं तर!" तिला रागापेक्षा त्याचंच बरं वाटलं. मला मात्र ते वाक्य अजून टोचतं. म्हाताऱ्या माणसाने तक्रार केली की आपण किती पटकन वयावर ढकलून मोकळे होतो!

पुढच्या रविवारी पुन्हा कल्याणला गेलो. परतताना तशीच रांग, तसाच पाऊस. मी आरशात सारखा मागे बघत होतो. आई आणि मुलगी भेंड्या खेळत होत्या. आवळासुपारीची डबी उघडलीच नाही.

२०१४ साली नोंदणीची मुदत संपली तेव्हा गाडी भंगारात दिली. टोलनाक्यावर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोलही नाही. पण तास घेताना मी आता 'रंगहीन, गंधहीन' एवढं लिहून थांबत नाही. हीच गोष्ट सांगतो.

मित्रांनो, आज घरी एक काम करा. घरात जुनी गाडी असेल तर मोठ्या माणसांना सोबत घेऊन, इंजिन बंद आणि थंड असताना, सायलेन्सर आणि पायाखालचं मॅट उचलून तळ बघा. आवाज वाढला असेल तर दिवाळीची वाट बघू नका. उभ्या गाडीत काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. आणि गाडीत कुणी "डोकं दुखतंय" म्हणालं तर आधी काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, त्यांना मोकळ्या हवेत उतरवा. बरं वाटत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या आणि गाडीतल्या धुराची शंका त्यांना आवर्जून सांगा.

तुमच्या घरातली अशी कोणती वस्तू आहे, जी 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून तशीच ठेवली आहे? वहीत लिहा आणि उद्या वर्गात सांगा.