देठावरची लाख

फ्रान्सच्या बाजारात ऐन हिवाळ्यात एक गोल, जाडजूड नासपती येते. तिच्या देठाच्या टोकाला लाल लाख लावलेली असते. देठाच्या कापातून ओलावा उडून फळ सुरकुतू नये, म्हणून ही काळजी. जातीचं नाव पास-क्रासान.

रूआँ शहरातल्या लुई ब्वाब्युनेल या रोपवाटिकाकारानं १८४५ साली बी पेरलं आणि पहिलं फळ आलं १८५५ साली. बियांपासून वाढलेली नासपती कशी निघेल, हे फळ चाखेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे हा माणूस दहा वर्षं नुसत्या शक्यतेला पाणी घालत होता! मला त्याचा हेवा वाटतो. पुढची सगळी झाडं त्या एकाच झाडाची कलमं.

फळाचा स्वभावही तसाच, घाई न खपणारा. शरदात उतरवतात तेव्हा ते टणक असतं. आपण आंबा अढीत घालतो, त्याला पेंढ्याची ऊब देतो. हिला मात्र आधी थंडी लागते. शून्य अंशाच्या आसपास सुमारे तीन महिने काढल्याशिवाय पिकवणारा इथिलीन वायू तिच्यात आपणहून तयारच होत नाही. ती थंडी सोसून उबेत आली, की खरखरीत सालीखालचा पांढरा गर मऊ पडतो, रसानं भरतो. गोडीला आंबटाची धार असते आणि गाभ्याजवळ गर किंचित रवाळ लागतो. काहींना तो रवाळपणा खटकतो. मला तर तिचं सगळं व्यक्तित्व त्यातच जाणवतं.

या झाडाला एक हौस आहे. वसंतातला बहर ओसरला तरी ते मागाहून पुन्हा थोडं फुलतं. नेमक्या त्या उबदार दिवसांत फायर ब्लाइटचे जिवाणू उशिराच्या फुलांतून आत शिरतात. फांद्या आगीनं होरपळल्यागत काळ्या पडतात. उत्तर अमेरिकेतला हा रोग १९५७ साली इंग्लंडमध्ये आढळला, पुढे फ्रान्समध्येही पोचला. १९९०च्या दशकात तिथं पास-क्रासानच्या नव्या लागवडीवर बंदी आली.

बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. हा रोग सफरचंदाच्या बागाही सोडत नाही. पण ब्वाब्युनेलच्या त्या बीचं त्याच्या स्वतःच्या देशातलं आयुष्य आता उरलेल्या म्हाताऱ्या झाडांएवढंच आहे, हे मला मनापासून लागतं.