हवा बाहेर कुठून जाते?

कॉम्प्युटर बंद पडतोय हे मला आईनं फोनवर सांगितलं. बाबांनी सांगितलं नसतं. दिवाळीत तो मीच जोडून दिला होता, आणि पोरीनं करून दिलेली वस्तू बिघडली असं म्हणणं त्यांच्या जिवावर येतं.

बाबांचं अकोल्याला, जुन्या शहरात, डीटीपीचं दुकान आहे. दहा बाय बाराचं, वर टिनाचं छप्पर. पूर्वी तिथे ट्रेडल मशीन होतं आणि बाबा खिळे जुळवायचे. मग श्रीलिपी आलं, कोरलड्रॉ आलं. लग्नपत्रिका, वास्तुशांती, तेरवीचे कार्ड, दुकानांची बिलबुकं. आता लोक पत्रिका शंभरच छापतात आणि बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतात. नवरानवरीचे फोटो, मागे सनई, फुलं पडतायत, शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. बाबा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते शिकले. जुन्या मशीनवर असा एक व्हिडिओ तयार व्हायला पाऊण तास लागायचा, म्हणून मी दिवाळीत नवा मदरबोर्ड आणि इंटेलचा दहाव्या पिढीतला आय-फाइव्ह टाकून दिला. डबा, म्हणजे कॅबिनेट, तेवढा जुनाच ठेवला. डब्यावर कशाला पैसे घालायचे?

दिवाळीत सगळं झकास चाललं. दिवाळीत अकोल्यात कशालाच त्रास होत नाही.

मे महिन्यात मी दहा दिवसांचं वर्क फ्रॉम होम घेऊन घरी गेले. पहिल्याच दुपारी दुकानात बसले होते. बाहेर ४४, आत माझ्या सव्वाशे रुपयांच्या थर्मामीटरवर ४१. बाबांनी एका व्हिडिओचं रेंडरिंग लावलं. सात मिनिटांनी स्क्रीन काळी.

“हे असं मधातच बंद पडते,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “तुझ्यानं नाई होत ते. लाइनचाच काई लफडा असन.”

लाइनचा लफडा नव्हता. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. माणूस चढावर पावलं हळू टाकतो तसं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. वेग कमी करूनही तापमान चढतच राहिलं तर जळून जाण्याऐवजी तो सगळं बंद करतो. बाबांच्या लेखी ते बंद ‘पडत’ होतं. खरं तर ते स्वतःला वाचवत होतं.

डबा उघडला तर प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याखाली धुळीची गादी. कागदाचा भुसा, उदबत्तीची राख, आणि वऱ्हाडातली ती बारीक पिवळी माती. ब्लोअर मारला. (मारताना पंख्याचं पातं बोटानं धरायचं, नाहीतर ते उलटं गरागरा फिरून खराब होऊ शकतं.) जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. बंद पडणं थांबलं, पण रेंडरिंगला तापमान ९४. म्हणजे दम लागलेलाच, फक्त चक्कर येत नव्हती.

मी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर तक्ता आखला. वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान. खोलीचा आकडा कशाला, तर वजाबाकीसाठी. कितीही पंखे लावले तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. पंखा थंडी तयार करत नाही, तो फक्त तापलेली हवा ढकलून तिच्या जागी कमी तापलेली हवा आणतो. म्हणून ९४ हा आकडा एकटा काही सांगत नाही. ९४ वजा ४१, म्हणजे ५३, हा माझा शत्रू होता.

दुसऱ्या दिवशी टिळक रोडवरून १२० मिलिमीटरचा केस फॅन आणला. साडेतीनशे रुपये. डब्याच्या पुढच्या बाजूला जाळीमागे जागा होती, तिथे चार जाड स्क्रूंनी बसवला. ज्या बाजूला पंख्याचे आडवे दांडे असतात तिकडे हवा जाते, ती बाजू आत केली. वायर मदरबोर्डवरच्या पिनांना लावली. पंखा मस्त फिरायला लागला, हात धरला तर वारा लागत होता. आता ८० तरी येईल, असं मनात धरून मी रेंडरिंग लावलं.

९२.

दोन अंश. साडेतीनशे रुपयांत दोन अंश! मी डबा परत उघडला, वायरी एका बाजूला बांधल्या, पंखा काढून परत लावला. ९२. बाबा शेजारी बसून एका पत्रिकेतली ‘आपले नम्र’ खालची सोळा नावं टाइप करत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू काय करून राह्यली हे?”

मी सांगितलं. बाहेरची हवा आत घेतेय.

“हं. अन् बाहेर कुठून जाते?”

“मागून. जाळी आहे मागे.”

“कूलर लावला अन् खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या तं काय होते?”

हे अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत ओढतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेतं आणि गार वारा येतो. पण समोरची खिडकी उघडी पाहिजे. ती बंद असेल तर आतली हवा जायला जागा नाही, नवी हवा येत नाही, आणि तासाभरात खोलीत नुसतं चिकचिकतं. दर उन्हाळ्यात घरात कुणी ना कुणी ओरडतच असतं, “कूलर सुरू हाये, खिडकी उघडा ना!”

बाबा उठले. गणपतीपुढची पेटती उदबत्ती घेऊन आले आणि टेबलाशी उकिडवे बसले. आमचं कॉम्प्युटरचं टेबल नेहमीचंच, डब्यासाठी बाजूला प्लायवूडचा कप्पा असलेलं, भिंतीला चिकटवून ठेवलेलं. त्यांनी उदबत्ती डब्याच्या मागच्या फटीत धरली. धूर भिंतीवर आपटला, वर जायला टेबलाची फळी, मागे जायला भिंत. तो कप्प्यातूनच डब्याच्या कडेनं फिरून पुढे आला आणि माझ्या नव्याकोऱ्या पंख्यानं तो निमूटपणे परत आत ओढून घेतला.

डबा आपलीच टाकलेली हवा परत परत घेत होता. मी फक्त त्याला ती जोरात घ्यायला लावलं होतं.

टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. कप्प्याची बाजूची फळी पान्यानं काढली. ८४. मग मागच्या जाळीवर हवा बाहेर फेकणारा दुसरा पंखा लावायचं ठरवलं. जुन्या डब्याला मागे १२० ची जागा नव्हती, ८० मिलिमीटरचीच भोकं होती. छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला जास्त जोरात फिरतो आणि किर्र आवाज करतो. मदरबोर्डवर पंख्यासाठी जागाही उरली नव्हती, म्हणून पॉवर सप्लायच्या जाड चार पिनांच्या वायरीवरून जोड दिला. असा जोडलेला पंखा कधी हळू होत नाही. कॉम्प्युटर सुरू असेतोवर एका सुरात किरकिरत राहतो. बाबा म्हणाले, “रातकिडा आणला का घरात?”

पण ७६ आलं. खोली ४२, प्रोसेसर ७६. वजाबाकी ३४. मी स्क्रीनचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. वेळ दुपारी तीन दहा. ती वेळ मला फोटोमुळे माहीत आहे.

तीन वीसच्या सुमारास बाबांनी मला विचारलं, “आज कोणता वार हाये?”

मी फोनमध्येच होते. बुधवार, म्हटलं. दोन मिनिटांनी त्यांनी परत विचारलं. मी वर पाहिलं. स्क्रीनवर नवरदेवाच्या मामांचं नाव तीनदा टाइप झालेलं होतं आणि बाबांचा हात माउसवर नुसता ठेवलेला होता. चेहरा लाल. मी दंडाला हात लावला तर तापलेल्या पत्र्यासारखा. उठून उभे राहायला गेले आणि दारातच ओकले.

शेजारच्या पानठेलेवाल्यानं पाण्याची बादली आणली. आम्ही ओला टॉवेल अंगावर टाकून त्यांना ऑटोत घातलं. दवाखान्यात सलाइन लागलं. ऊन लागलंय, वेळेत आणलं, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “उन्हात कुठे फिरत होते?”

“नाही,” मी म्हटलं. “दुकानातच होते. सावलीत.”

“पंखा नव्हता का?”

पंखा होता, बंद होता. दुकानात छताचा पंखा लावला की कापलेल्या पत्रिका उडतात. कूलर कधी आणलाच नाही, कारण ओलाव्यानं आर्ट पेपर वाकतो. सत्तावीस उन्हाळे कागदासाठी असेच काढले होते. आणि मी तीन दिवस त्याच खोलीत थर्मामीटर घेऊन बसले होते.

रात्री दवाखान्यात मला तो तक्ता आठवत राहिला. ४१. साडेएक्केचाळीस. ४२. तीन दिवस मी तो आकडा माझ्या हातानं लिहीत होते. पण तो माझ्या लेखी कॉम्प्युटरचा आकडा होता. त्या आकड्यात एक माणूस बसलाय, बीपीची गोळी खाऊन, हे माझ्या वजाबाकीत कुठेच नव्हतं.

हिशेब माणसाचा केला असता तर तो उलटा आला असता. प्रोसेसर ७६ वर, खोली ४२ वर, म्हणून खोलीची हवाही त्याला गारच. माणूस ३७ वर. ४२ ची हवा त्याच्याकडून उष्णता नेत नाही, त्याला देते. त्याला वाचवतो तो फक्त घाम, तोही अंगात पाणी असेतोवर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर पंखा लावू नका, त्यानं अंग उलट तापतं. म्हणजे पत्रिका उडाल्या नसत्या आणि छताचा पंखा सुरू असता, तरी त्या दुपारी बाबांना त्याचा भरवसा नव्हताच. त्यात डब्यातून बाहेर काढलेली सगळी गरम हवा जात कुठे होती? खोलीत. टेबल पुढे ओढल्यामुळे थेट बाबांच्या खुर्चीकडे.

बाबांनी डब्याबद्दल विचारलेला प्रश्न दुकानाबद्दल आमच्या घरात कुणीच कधी विचारला नव्हता. मागच्या भिंतीत वर एक झरोका आहे. पूर्वी तिथून शाईचा वास जायचा. डीटीपी आल्यावर धूळ नको म्हणून बाबांनी त्यावर जुन्या दुकानाचा बोर्ड ठोकून टाकला होता. मी आणि पानठेलेवाल्याच्या मुलानं तो काढला. मागून चार चिमण्यांची घरटी आणि मुठीएवढा धुळीचा लोट आला. तिथे एक्झॉस्ट फॅन बसवला, दाराबाहेर छोटा कूलर ठेवला, सगळा कागद गोदरेजच्या कपाटात. आणि आईनं हुकूम काढला की बारा ते पाच दुकान बंद. बाबा हो म्हणाले. ते फार लवकर हो म्हणाले.

आता मी पुण्यात आहे. बाबांच्या कॉम्प्युटरचं तापमान मला इथून फोनवर दिसतं. तशी सोय मी करून ठेवलीय. बाबांचं दिसत नाही, म्हणून रोज दुपारी फोन करते.

परवा अडीचला केला.

“जेवले?”

“जेवलो.”

“पाणी?”

“प्यालो ना बाप्पा. तांब्याभर पन्हं प्यालो.”

“दुकान बंद केलं?”

“केलं की. घरीच पडेल हावो.”

त्यांच्या आवाजामागे, बारीक, एका सुरात, रातकिडा किरकिरत होता. मी तो माझ्या हातानं चार स्क्रूंनी बसवला आहे, मला चांगला ओळखू येतो.

“बाबा,” मी म्हटलं, “कूलर तरी सुरू आहे का?”

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि दूर कुठेतरी एक बटन खट्कन वाजलं.

“आता केला,” ते म्हणाले.